बिट्टी खारीचा आवाज

खापर गावी बहिणीच्या नातवाचं जावळ होतं म्हणून हेमराज पाटील गेले होते, नाहीतर हा माणूस सहसा कुणाच्या दारात जात नसे. तीन वर्षांपासून लग्नं, बारशी, पाचपरतावणी, सगळं त्यांनी बायकोवर, मंगलाबाईंवर सोपवून टाकलं होतं. चारचौघांत बसलं की कुणीतरी हटकून पोरीचं विचारणार, "काजल काय करस आते?" आणि मग खाल्लेलं अंगी लागायचं नाही. पण अनुसयाबाई ही एकुलती एक बहीण. ती फोनवर रडली तेव्हा नाइलाज झाला.

जेवणं आटोपली होती. बायका भांड्यांना लागल्या होत्या. हेमराज पुढच्या खोलीत खुर्चीवर बसून बशीत चहा ओतत होते, आणि आतल्या खोलीतून काजल बोलली.

"थांब थांब! सगळे शेंगदाणे एकटाच खाणार का रे तू?"

बशीतला चहा पँटवर सांडला. आवाज चिरका होता, मुद्दाम नाकातून काढलेला होता, पण बापाला कसा फसवणार? बोलून झालं की श्वास आत ओढून हसायची तिची लहानपणापासूनची खोड होती, तीसुद्धा ऐकू आली. हेमराज उठले आणि दाराच्या चौकटीला धरून आत डोकावले. आत काजल नव्हती. बहिणीची चार नातवंडं टीव्हीसमोर फतकल मारून बसली होती, आणि टीव्हीत लाल रिबीन बांधलेली एक खार कावळ्याशी तावातावानं भांडत होती.

"हाई कोन शे?" हेमराजांनी विचारलं.

"बिट्टी खार," मान न वळवता एक नातू म्हणाला.

"रोज लागस का?"

"हौ. साडेचारले. शनवार-रविवार नही."

हेमराज तिथंच उभे राहिले. खार झाडावर चढली, पडली, रुसली, हसली. शेवटी नावांची रांग पडद्यावरून अशी सुसाट पळाली की एकही वाचता आलं नाही. मागून अनुसयाबाई हात पुसत आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, या वयमा कार्टून देखी ऱ्हायना का?"

"निस्तं उभा शे," हेमराज म्हणाले, आणि परतीच्या बसची वेळ झाली नव्हती तरी निघाले.

काजलचा गुन्हा काय, असं कुणी विचारलं असतं तर आता तीन वर्षांनी हेमराजांना तो धड सांगताही आला नसता. शिंदखेड्याकडचं स्थळ होतं, साखरपुडा झाला होता, पत्रिका छापून आल्या होत्या. लग्नाला पंधरा दिवस असताना पोरगी म्हणाली, मला हे लग्न करायचं नाही, मला मुंबईला आवाजाचं काम शिकायचंय. आवाजाचं काम म्हणजे काय, हे घरात कुणाला कळलं नाही. शाळेत असताना ती सगळ्या मास्तरांची हुबेहूब नक्कल करायची आणि हेमराजच सर्वांत मोठ्यानं हसायचे, पण त्याचं पुढं काही होईल असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. एका सकाळी ती शहाद्याच्या स्टँडवरून बसली आणि गेली. काही महिन्यांतच मुंबईतल्या एका रेकॉर्डिंग करणाऱ्या मुलाशी तिनं कोर्टात लग्न केलं. ते हेमराजांना दुसऱ्याच्या तोंडून कळलं, आणि मग मात्र त्यांनी जेवणाच्या ताटावरून उठून सांगितलं, "ये घरमा तिनं नाव निंघाले नको. तिना फोन येवाले नको."

घरात तिघांपैकी एक गेली होती, एकानं हुकूम सोडला होता आणि उरलेल्या मंगलाबाईंनी मान हलवली होती. त्यामुळे हुकूम पाळला गेला असंच हेमराज समजून चालले. माणूस साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात हजेऱ्या-रजा नोंदवत अठ्ठावीस वर्षं काढलेला. एकदा नोटीस लावली की ती सगळ्यांनी वाचली, असं धरून चालायची तिथली रीत.

खापरहून आल्यावर दुसऱ्या दिवशी पहिली पाळी सुटताच हेमराज पुरुषोत्तमनगरच्या आपल्या क्वार्टरमध्ये आले, दार लोटलं आणि साडेचारला टीव्ही लावला. तीच खार, तीच लाल रिबीन, तोच कावळा. खारीनं तोंड उघडलं आणि कुणीतरी परकी बाई हिंदीत बोलली.

हेमराजांनी आवाज वाढवला, कमी केला, वाहिनी बदलून परत आणली. खार हिंदीतच बोलत राहिली. रिमोटवर भाषा बदलायचं एक बटण होतं, ते दाबलं तर पडद्यावर एक खिडकी उघडली आणि तिच्यात एकच ओळ होती, हिंदी. खापरला बहिणीच्या घरी छतावर डिश होती. इथं कॉलनीत सगळीकडे शहाद्याहून आलेलं केबल. डिश आपणही बसवू शकलो असतो, पण मग मंगलाबाई विचारणार, काय कमी पडलं केबलमध्ये? त्याला उत्तर नव्हतं. खारीचं तोंड हलत होतं आणि हेमराज पाहत होते. पोरगी समोर काचेपलीकडे उभी आहे, बोलतेय, आणि आपल्याला ऐकूच येत नाही, असं त्यांना वाटलं.

शहाद्याचं केबल निजाम चालवायचा. एसटी स्टँडमागच्या गल्लीत एका जिन्यावर त्याची खोली होती. आत पंख्यांची घरघर, लुकलुकणारे दिवे आणि कपाटात एकावर एक रचलेल्या पेट्या. निजामचे वडील रेडिओ दुरुस्त करायचे. पोरगा आभाळातून दोनशे वाहिन्या उतरवून घ्यायचा आणि एका वायरीत भरून घरोघर पोचवायचा.

शहाद्याकडच्या लोकांना टीव्हीवरच्या दुसऱ्या आवाजाची गोष्ट नवी नव्हती, हे इथं सांगायला हवं, नाहीतर हेमराजांचं पुढं जे चुकलं ते कुणाला कळायचं नाही. निजामच्या स्वतःच्या लोकल वाहिनीवर रविवारी सकाळी शेतीचा एक कार्यक्रम लागे. तो छापील मराठीतला. खेड्यातल्या म्हाताऱ्यांना तो पचेना, म्हणून निजामनं शक्कल लढवली. निवृत्त झालेले लोटन सर त्याच्या खोलीत माइक घेऊन बसत आणि तेच सगळं अहिराणीत सांगत. भाषेचं बटण दाबलं की लोटन सर सुरू. सरांच्या तोंडात तंबाखू असली की ते अख्ख्या तालुक्याला कळे. एकदा तर केळीवरच्या करपा रोगाविषयी सांगता सांगता सर मध्येच म्हणाले होते, "निजाम, पंखा बंद कर रे, कागद उडी ऱ्हायनात," आणि कित्येक घरांत लोकांनी वर आपल्या पंख्याकडे पाहिलं होतं. तर दुसरा आवाज म्हणजे कुठंतरी एक माणूस त्या घटकेला माइकसमोर बसलेला असतो, ही समजूत हेमराजांच्या मनात पक्की होती आणि ती चुकीची असेल अशी शंका यायचं काही कारणही नव्हतं.

"निजाम," हेमराज खुर्चीत बसत म्हणाले, "पोरेसना चॅनलवर मराठी काब येत नही? महाराष्ट्रमा ऱ्हातस आपन. भाषाना काही अभिमान शे का नही?"

निजाम गालातल्या गालात हसला. "आप्पा, तुम्ही घरमा कवयपाईन मराठी बोलाले लागनात?"

"मन्हं सोड. पोरेसनं सांगी ऱ्हायनू."

निजामनं दोघांसाठी चहा सांगितला आणि समजावून द्यायला बसला. समोर कारखान्याचा माणूस, तेव्हा दाखलाही त्यानं उसाचाच दिला. "आप्पा, चित्र म्हंजे ऊसनी ट्रॉली समजा. जड काम. आवाज म्हंजे त्या ट्रॉलीवर बठेल मानूस. एकच ट्रॉली, तिन्हावर हिंदीवाला बठना, मराठीवाला बठना, तमिळवाला बठना, तरी ट्रॉलीले काय फरक पडस? भाषा दोन शेतस म्हनीसन ट्रॉल्या दोन धाडानी गरज नही."

"मंग बसाड ना मराठीवालाले!"

"पन मन्हाकडे ट्रॉल्या दोनशे शेतस ना. एकेकवर चार-चार मानसे बसाडात त आठशे हुयनात. त्यासनं वजन कोन वढी? मन्ही एकच वायर. म्हनीसन समदा उतारी टाकात. दर ट्रॉलीवर एक मानूस, आनि त्यामा हिंदीवालाले मागनी जास्ती."

हेमराज चहा अर्धा टाकून उठले. पण माणूस चिवट. आठ दिवसांनी ते अर्ज घेऊन परत आले. पोटापाण्यासाठी जन्मभर दुसऱ्यांचे अर्ज आवक-वहीत चढवणाऱ्या हेमराजांनी पहिल्यांदाच स्वतःचा अर्ज लिहिला होता. 'मातृभाषेतून बालकांच्या मनावर सुसंस्कार' अशी त्याची सुरुवात होती, आणि खाली कॉलनीतल्या एकेचाळीस जणांच्या सह्या. सही करणाऱ्यांना वाटलं, पाटील रिटायर व्हायच्या आधी निवडणुकीला उभे राहणार.

निजामनं अर्ज वाचला, सह्यांवरून बोट फिरवलं आणि कागद टेबलावर ठेवला.

"आप्पा, समदासन्या सह्या शेतस, निस्ती मंगलाकाकूनी नही. तुमना घरमा लहान पोर नही. नातू नही. आते मले खरं सांगा."

पेट्यांची घरघर चालू होती. हेमराजांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली. काहीतरी ठोकून द्यावं असं त्यांच्या मनात होतं, पण तोंडातून भलतंच निघालं.

"मन्ही पोर बोलस त्यामा. ती खार शे ना, ती मन्ही काजल शे. तीन साल हुई गयात, तिना आवाज ऐका नही मी. खापरले ऐका, एकच दाव." त्यांनी टोपी उलटी केली, सुलटी केली. "याद येस रे तिनी. भलती याद येस."

हे वाक्य त्यांनी बायकोजवळही कधी उच्चारलं नव्हतं. बोलून झाल्यावर त्यांना इतकी लाज वाटली की ते भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले.

"मंग फोन लावा ना आप्पा," निजाम हळूच म्हणाला.

"मीच बंद करेल शे. आते बोलू कोनता तोंडघाई?"

निजामनं खुर्ची कॉम्प्युटरकडे वळवली आणि हिरव्या ओळींची एक लांबच लांब यादी वरखाली केली. मग एका ओळीवर थांबला आणि स्वतःच्याच कपाळावर हात मारला.

"हाई देखा. लोटन सरनी लाईन. सर रविवारना एक घंटा बोलतस. बाकी आठवडाभर या लाईनमा काहीच नही, निस्ती शांतता जास. पन वायरमा शांततालेबी बोलानाइतलीच जागा लागस. सालभरपाईन मी शांतता धाडी ऱ्हायनू आनि मन्हंच ध्यान नही."

"निस्तं गप बसाले इतली जागा?" हेमराजांनी विचारलं.

"तितलीच."

लोटन सरांना फोन केला तर ते म्हणाले, माझं रविवारचं तेवढं राखून ठेव, बाकीचे दिवस खार बोलो नाहीतर घूस बोलो. निजामनं सोमवार ते शुक्रवार ती जागा बिट्टीला दिली. अर्ज त्यानं हेमराजांना परत केला. त्यांनी तो घडी करून खिशात घातला, आणि जिना उतरताना त्यांना आपण पोरीला भेटायलाच निघालोय असं वाटत होतं.

सोमवारी साडेचारला बटण दाबल्यावर खिडकीत दोन ओळी आल्या. हेमराजांनी खालची निवडली. "अगं बाई, पुन्हा आलास का तू?" बिट्टी कावळ्याला म्हणाली. हेमराज पलंगाच्या कडेवर बसून ढसाढसा रडले. नशीब, मंगलाबाई घरात नव्हत्या. उन्हाळ्याचे पापड सुरू झाले होते आणि चार वाजले की त्या शेजारच्या ममताकडे पोळपाट-लाटणं घेऊन जात.

मग हा रोजचा नेम झाला. पाळीवरून आलं की हेमराज हातपाय धुवायचे, बनियनवर शर्ट चढवायचे, भांग पाडायचे आणि टीव्हीसमोर ताठ बसायचे. लोळत ऐकणं बरं दिसत नव्हतं. मुंबईत कुठल्याशा खोलीत ती आता माइकसमोर बसली असेल, समोर कागद असतील, पंखा बंद केला असेल. अर्धा तास ती बोलते, अर्धा तास आपण ऐकतो. पाच वाजता संपलं की ती चहा घेत असेल म्हणून तेही तेव्हाच चहा मांडायचे. एका बुधवारी नेमकी चारला वीज गेली. हेमराज अंगणात येरझाऱ्या घालत राहिले. ती बोलत असेल आणि आपण ऐकायला नाही, या विचारानं त्यांचा जीव कासावीस झाला, आणि दुसऱ्या दिवशी खार पहिलं वाक्य बोलली तेव्हा ते टीव्हीला म्हणाले, "काल लाईट नव्हती माय."

टीव्हीतली काजल शाळेतल्या मराठीत बोलायची. घरी ती अशी कधी बोलली नव्हती. तिच्या तोंडचं 'काय करी ऱ्हायनात नाना' ऐकायला मिळावं म्हणून हेमराजांचे कान आसुसायचे, पण खारीला अहिराणी येत नव्हती. हेही नसे थोडके, असं ते मनाला समजवायचे. मन समजायचं नाही. रोज अर्धा तास मिळाल्यानं भूक भागण्याऐवजी वाढतच गेली.

चैत्र संपत आला. गाळप आटोपलं, कारखान्याच्या रस्त्यावरच्या ट्रॉल्या बंद झाल्या. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठ-दहा दिवसांवर आली. आखाजीला लेक माहेरी यायची म्हणजे यायचीच. ती आपली आपण येत नाही, बाप नाहीतर भाऊ मुऱ्हाळी होऊन तिला आणायला जातो. कॉलनीतले बाप एकेक करून पिशव्या घेऊन एसटी स्टँडकडे निघाले होते, आणि निंबाच्या फांद्यांना झोक्याचे दोर लागायला लागले होते. हेमराज ऑफिसातून येताना खाली मान घालून यायचे.

त्याच आठवड्यात सोमवारी बिट्टीचा आवाज बसलेला निघाला. हेमराज पुढं सरकून बसले. घसा धरला होता, शब्दांच्या शेवटी आवाज फाटत होता. मंगळवारी जास्त. बुधवारी तर हसताना ती खोकली की काय, असं त्यांना वाटलं. इतकी सर्दी असताना पोरीला रोज कामावर बसवतात, कसली माणसं म्हणायची ही? कुणी आल्याचा काढा करून देत असेल का? टाइम ऑफिसात त्यांनी दोनदा चुकीच्या रकान्यात सही केली.

गुरुवारी बिट्टी बोललीच नाही. कावळा बोलला, कासव बोललं, खार नुसती लांबून शेपटी हलवत फांदीवरून गेली. पाच वाजता नावं पळाली. हेमराज तसेच अनवाणी उठले, शेजारच्या अंगणात गेले. सहा-सात बायका पापड लाटत बसल्या होत्या.

"मंगला, काजलले फोन लाव!"

लाटणी थांबली. तीन वर्षांनी त्या माणसाच्या तोंडून ते नाव निघालं होतं आणि तेही भर अंगणात, ओरडून. मंगलाबाई पिठाचे हात तसेच घेऊन उठल्या. घरात आल्यावर त्यांनी दार लोटलं.

"काय हुयनं?"

"तिले सर्दी शे. चार दिनपाईन आवाज बसेल शे. आज बोलनीच नही. तापमा पडेल व्हई. लाव फोन!"

मंगलाबाईंनी पदराला हात पुसले आणि नवऱ्याकडे नीट पाहिलं. "तिले काही नही हुयनं. मी सकायमाच बोलनू तिनासंगे."

"तू?"

"दर गुरवारे बोलस. तीन साल हुई गयात." मंगलाबाईंच्या आवाजात ना भीती होती, ना तोरा. "आनि तुम्ही साडेचारले काय करतस तेबी मले पहिला दिनपाईन ठाऊक शे. म्हनीसनच त मी ममताकडे जास. पापड काय, सकायमाबी लाटता येतस."

दुसरी वेळ असती तर हेमराजांनी घर डोक्यावर घेतलं असतं. पण आता त्यांना रागवायला सवड नव्हती. "मंग खोटं सांगनी व्हई तुले. मायले काळजी नको म्हनीसन. तू आठवडामा एकदाव ऐकस, मी रोज ऐकस! तिना आवाज बसेल शे, सांगस ना मी!"

मंगलाबाईंनी फोन लावला आणि काही न बोलता तो त्यांच्या हातात दिला.

"हां आई, बोल," पलीकडून काजल म्हणाली. "आते कसाले करा? सकायमाच त बोलनूत."

अहिराणी. स्वच्छ, मोकळा आवाज. हेमराजांना बोलायचं होतं, पण रोज तीस मिनिटं नुसतं ऐकायची सवय लागलेली. आपण बोललो तर ते तिकडं पोचतं, हेच अंगवळणी नव्हतं.

"आई? ऐकू येस का? आई?"

"सर्दी उतरनी का?" हेमराज म्हणाले.

पलीकडे पंख्याची घरघर थांबली.

"नाना?"

"चार दिनपाईन ऐकी ऱ्हायनू, आवाज बसेल शे तुना. आज त बोलनीच नही. काढा ली ऱ्हायनी का नही? सुट्टी दे सांग त्यासले."

"नाना, तुम्ही बिट्टी देखतस?" काजल म्हणाली. मग तिच्या ध्यानात आलं असावं, कारण ती एकेक शब्द सुटा करून, समजावून बोलायला लागली. "नाना, ते आते बोलेल नही शे. ते दिवाळीना वखतनं रेकॉर्डिंग शे. आम्ही दोन दिनमा आठ-आठ भाग बोलीसन ठेवतस, ते सहा महिना बाद टीव्हीवर येतस. तवय मले टायफाईड व्हता. तारीख दियेल व्हती म्हनीसन तशीच बसनू. मंग एक भागमा बोलताच उनं नही."

"म्हंजे तू रोज साडेचारले नही बोलस?"

"नही नाना."

हेमराज पलंगावर बसले. दोन महिने तोंड धुऊन, भांग पाडून ज्या पोरीसमोर ते बसत होते ती तिथं नव्हतीच. पण त्यांना लागलं ते दुसरंच. दिवाळी. दिवाळीत मंगलाबाईंनी करंज्या केल्या नव्हत्या, चार दिवस धड जेवल्याही नव्हत्या, आणि सणासुदीला तोंड पाडून काय बसतेस म्हणून आपण त्यांच्यावर खेकसलो होतो. पोरगी तिकडं तापानं फणफणलेली, माय इकडं भिंतीला तोंड करून रडत असणार, आणि आपण अंगणात आकाशकंदील नीट लागला की नाही ते पाहत होतो. त्या तापाची काळजी आपल्याला आज लागली. सहा महिन्यांनी.

"कोन व्हतं तवय तुनाजोडे?" त्यांनी विचारलं.

"ह्या व्हतात ना. रात-दिन बठी ऱ्हायनात. भातनी पेज शिकी लिन्ही आईपाईन, फोनवर."

जावयानं पेज शिकून घेतली, तीही याच घरातून, याच फोनवरून, आणि आपल्याला वासही लागला नाही. हेमराजांना त्या न पाहिलेल्या मुलाविषयी काय वाटावं ते कळेना. बरं वाटलं, आणि मेल्याहून मेल्यासारखंही झालं.

"मन्ही चुकी हुयनी, काजल," ते म्हणाले. "आखाजी उनी. मी लेवाले येस तुले. दोन्ही जन चला."

हे बोलायला त्यांना तीन वर्षं लागली होती. आपण हे एकदा म्हणालो की संपलं, पोरगी पिशवी भरूनच बसलेली असणार, अशी त्यांची मनोमन खात्री होती. नोटीस आपण लावली, आपणच काढली.

"आवंदा नही जमाव नाना," काजल म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्तच झोंबलं. "पुढला सोमवारपाईन बिट्टीना नवा भाग शेतस. तारखा दियेल शेतस मी. आनि नाना, तुम्ही एकदम सांगतस, ये. मले जरासा टाईम लागी."

मंगलाबाई दाराजवळ उभ्या होत्या. हेमराजांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी ना मान हलवली, ना नजर वळवली. बाहेर पोरी झोक्याखाली गलका करत होत्या, कुणाची तरी लेक आली होती. जन्मभर हेमराजांकडे लोक रजा मागायला यायचे, टेबलासमोर उभे राहून, आवाज बारीक करून. तसाच आवाज त्यांचा झाला.

"मंग मी उनू त चाली का? तुमनाकडे? तुले देखीसन लगेच परत फिरसू. जेवानबी नको."

पलीकडून श्वास आत ओढल्यासारखं झालं. हसू नव्हतं ते. मग नाक पुसल्याचा आवाज आला.

"या ना, नाना," काजल म्हणाली. "पन सकायमा या. दुपारले मी स्टुडिओमा ऱ्हास."